टेकाडाच्या अलीकडे

अर्ध्या बरण्या भरून झाल्या होत्या. अर्ध्या अजून टेबलावर फडक्यावर उपड्या पडल्या होत्या. भेंडीचं लोणचं घालायचं म्हणून मी सकाळीच ओलीटा आंटीकडे गेले होते. ऑगस्टात तिच्या परसातली भेंडी अशी येते की एक दिवस तोडायची राहिली तर हातभर वाढून लाकूड होते. ती बरणीत भेंड्या उभ्या ठासत होती, मी वरून उकळतं व्हिनेगर ओतत होते. तेवढ्यात पोस्टाची गाडी फाटकाशी न थांबता थेट दारापर्यंत आली. सही घेऊन द्यायचं टपाल होतं.

आंटीने ओल्या हातानेच सही केली. पाकिटातून नोटीस निघाली, नोटिशीच्या आत घडी घातलेला नकाशा. तो तिने भेंड्या बाजूला सारून टेबलावर पसरला, चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि उठून गॅस बंद केला.

"आंटी, व्हिनेगर निवेल."

"निवू दे."

"काय आलंय?"

"डॉइलने नकाशात टाक्या टेकाडाच्या अलीकडे काढल्यात," ती म्हणाली.

ओलीटा आंटी माझी रक्ताची कोणी लागत नाही. आमच्या चर्चमधली लहानथोर सगळीच तिला आंटी म्हणतात. सत्तरी कधीच ओलांडलीय, नवरा होलिस जाऊन बरीच वर्षं झालीत. गुरं आहेत, कुरण आहे, आणि कुरणाच्या खोलगट भागात एक पवनचक्की. पवनचक्की बिघडली तर माणूस बोलवत नाही, कमरेला पाना बांधून स्वतः वर चढते. खालून मी ओरडते, "आंटी, उतर, हाडं मोडतील." वरून उत्तर येतं, "मोडायची ती सगळी मोडून झालीत गं, नेव्हा."

आमच्या पश्चिम टेक्सासात जमिनीतून येणारं पाणी म्हणजे खडू कालवल्यासारखं. साबणाला फेस येत नाही, चहा तुरट होतो, भांड्याच्या बुडाशी खपली बसते. आंटीच्या पवनचक्कीचं पाणी तेवढं गोड. आणि म्हणून आमच्या चर्चचा बाप्तिस्मा तिच्या गुरांच्या हौदात होतो. माणसं बदलली, पाळक म्हणजे धर्मगुरू बदलले, पण ही चाल मोडली नाही. गुरं बाजूला हाकायची, हौदाचं शेवाळ खरवडायचं, आणि पाळकाने बूट काढून आत उतरायचं. मी त्याच हौदात बुडून वर आले. माझा नवरा रॉयस तिथलाच, आमची मुलंही तिथलीच.

आणि डॉइल रॅथबनसुद्धा तिथलाच. आंटी अजून सांगते, पोरगा नाक धरायला विसरला, खोकत वर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "थंड आहे, पण गोड आहे." तो पोरगा आता आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे मानाचा कारभारी, आहे. रविवारी अर्पणाची थाळी फिरवतो. आठवडाभर खाऱ्या पाण्याचा धंदा करतो.

तेलाबरोबर जमिनीतून तेलापेक्षा कितीतरी जास्त खारं पाणी वर येतं, समुद्रापेक्षा खारट आणि वर तेलाचा तवंग. ते कुठेतरी परत खोल गाडावं लागतं. त्यासाठी बोअर मारायची, बोअरपाशी टाक्या उभ्या करायच्या, आणि टँकर येऊन रिकामे व्हायला सिमेंटचा मोठा ओटा करायचा. बोअरला वेगळा परवाना लागतो, वरच्या टाक्यांना आणि ओट्याला वेगळा. परवान्याआधी शेजाऱ्याला नोटीस येते, आणि मुदतीत त्याने राज्याच्या कचेरीत हरकत घेतली नाही तर परवाना निघतो. बोअरमधलं पाणी खोल जातं, त्याची मला तितकी भीती नाही. भीती ओट्याची. नळी सुटते, झडप राहते, टाकी भरून वाहते, वीज पडून टाकी पेटते. आमच्याकडे काहीच सांडत नाही असं म्हणणारे मालक मी बरेच पाहिलेत. असं म्हणणारा टँकरवाला एकही पाहिला नाही, आणि माझा नवरा टँकरच चालवतो. डॉइलचाच. एकदा जिथे ते पाणी मुरलं तिथे जमीन पांढरी पडते आणि मग काटेरी झुडूपसुद्धा उगवत नाही.

डॉइलची जमीन आंटीच्या कुरणाला लागून आहे, मध्ये एक टेकाड. टेकाडाच्या पलीकडचा उतार डॉइलच्याच रानात जातो. अलीकडचा उतार एका कोरड्या ओहोळातून थेट पवनचक्कीशी येतो. आमच्याकडे पाऊस पडत नाही, पण पडला की तो ओहोळ घोड्यासारखा धावतो.

ईस्टरच्या बाप्तिस्म्यानंतर डॉइलने हौदाच्या काठाशी आंटीचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "आंटी, मी बोअर मारतोय. पण टाक्या आणि ओटा टेकाडापलीकडे. तुमच्या बाजूला एक थेंब येणार नाही." मी शेजारी टॉवेलांच्या घड्या घालत उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. आंटीने बोअरवर हरकत घेतली नाही. आपल्याच चर्चच्या माणसाकडे कोण कागद मागतं? मागितला असता तर आम्हीच बायकांनी तिला नावं ठेवली असती.

आणि आता हा नकाशा. टाक्या टेकाडाच्या अलीकडे, ओटा बरोबर ओहोळाच्या तोंडाशी. मुद्दाम शोधून काढावी अशी जागा.

"हरकत आजच लिही," मी म्हणाले. "मी टपालात टाकते."

"आधी त्याच्याशी बोलायचं. एकटीने."

"आंटी, मुदत असते."

"मुदत मी वाचली. रीतही असते."

ती रीत आम्हा सगळ्यांना लहानपणापासून पाठ आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जायचं. ऐकलं नाही तर एकदोन साक्षीदार घेऊन जायचं. तरी नाही ऐकलं तर मंडळीपुढे, म्हणजे सगळ्या चर्चपुढे सांगायचं. आणि भावाभावांनी एकमेकांवर कोर्टकचेरी करायची नाही. प्रभूच्या ह्या शिकवणीवर माझा विश्वास आहे, आजही आहे. पण ती शिकवण डॉइलला आमच्याइतकीच पाठ होती. मुदतही त्यालाच सगळ्यात चांगली पाठ होती. तेव्हा मी ह्या दोन गोष्टी जोडून पाहिल्या नाहीत. आंटीने तर नाहीच.

उरलेली भेंडी त्या संध्याकाळपर्यंत काळी पडली. गुरांना घातली.

डॉइलकडे ती एकटी जाऊन आली आणि वाटेत माझ्याकडे थांबली. टोपी न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.

"काय म्हणाला?"

"गोड बोलला. 'आंटी, इंजिनियरने परस्पर बदललं असणार, मी त्याला विचारतो. तोवर हरकत तेवढी पाठवू नका, एकदा ती गेली की माझ्या हातात काही राहत नाही.'"

"आणि तू मान्य केलंस?"

"थांबते म्हणाले. विचारू दे त्याला."

इंजिनियरला विचारायला डॉइलला एवढे दिवस लागले की त्या वेळात इंजिनियर नवा जन्माला घालून वाढवता आला असता. तीनदा आंटीने फोन केला. तीनदा तो "शेतावर", "टेक्सासच्या बाहेर", "जेवायला" होता. मग ती मला म्हणाली, "साक्षीदार हवेत. तू ये. आणखी एक हवा."

रात्री जेवताना मी रॉयसला सांगितलं. तो मक्याची भाकरी ताकात कुस्करत होता, हात थांबला.

"मी त्याचा टँकर चालवतो, नेव्हा."

"माहीत आहे."

"खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात."

"त्या माणसाने तर अख्ख्या गावाला मीठ खायला घालायचं ठरवलंय," मी म्हणाले. "कोणाकोणाच्या मिठाला जागशील?"

त्याने भाकरी संपवली. सकाळी धुतलेला शर्ट घालून तयार होता.

डॉइलच्या ऑफिसात भिंतीभर हरणांची मुंडकी आहेत. ती सगळी आमच्याकडे बघत होती, डॉइल सोडून. त्याने बर्फ घातलेला चहा मागवला. आंटी बसली नाही म्हणून आम्हीही बसलो नाही.

"रॉयस, तूसुद्धा?" तो हसत म्हणाला. "तुझी आज फेरी होती ना?"

"आहे. इथून जाणार आहे."

"डॉइल," आंटी म्हणाली, "टेकाडापलीकडे म्हणाला होतास."

"म्हणालो होतो, नाकारत नाही. पण पलीकडे नवा रस्ता करावा लागतो, आंटी. इंजिनियर म्हणाला..."

"इंजिनियरने माझ्या हातात हात दिला नव्हता."

"आणि नियमाप्रमाणे भोवताली बांध घालणारच आहे की मी."

"तुझ्या जुन्या तळावरही बांध आहे, डॉइल," रॉयस म्हणाला. "वळिवाच्या पावसात तो कुठून फुटला ते मी पाहिलंय. त्याच्यावरूनच टँकर काढला होता."

"तू टँकर चालव, रॉयस. बांधाचं मी बघतो."

मग तो टेबलामागून बाहेर आला. "असं भांडून काय उपयोग? आपण प्रार्थना करू." आणि आमचे हात धरून त्याने डोळे मिटले. "प्रभू, आम्हाला धीर दे. रागाच्या भरात घाई करू देऊ नकोस. योग्य वेळ येईपर्यंत थांबायला शिकव." लांबलचक प्रार्थना केली. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले. त्याचा अंगठा माझ्या हातावर होता आणि तो टाइपरायटरवर थाप मारावी तसा एकसारखा हलत होता. मला त्याच्या खोटेपणाचा तेवढा राग आला नाही. माणसं खोटं बोलतात. राग ह्याचा आला की त्याने देवालाच दाराशी उभं केलं आणि सांगितलं, ह्या म्हातारीला मुदत संपेपर्यंत बोलण्यात गुंतवून ठेव.

बाहेर येऊन आंटी गाडीत बसली. "दोन झाले," म्हणाली. "रविवारी तिसरं."

"आंटी, रविवारनंतर दिवस राहतात किती?"

"सोमवार आणि मंगळवार."

रविवारी उपासनेत पाळक केनर्ड नेहमीप्रमाणे विचारतात, कोणाला प्रार्थनेसाठी काही सांगायचंय का. पाळक तरुण आहेत, मनाने वाईट नाहीत. पण चर्चचं नवं छप्पर डॉइलने घालून दिलंय, आणि त्या छपराखाली उभं राहून माणूस जरा वाकूनच बोलतो. आंटी उठली. लोकांना वाटलं, कोणाचं ऑपरेशन असेल.

"माझं एका भावाविरुद्ध गाऱ्हाणं आहे," ती म्हणाली. "त्याला एकटी भेटले. साक्षीदार घेऊन भेटले. आता मंडळीला सांगतेय." आणि हौदापाशी दिलेला शब्द, नकाशा, ओहोळ, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "ज्या पाण्यात तुम्ही सगळे बुडून वर आलात, ते पाणी आहे हे."

डॉइल आपल्या जागी उभा राहिला, हात पुढे बांधून, थाळी फिरवताना उभा राहतो तसा.

"पाळक, हे घरातलं बोलणं आहे. उपासनेची वेळ त्यात नको घालवायला. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा आहेच. मी इंजिनियरलाही घेऊन येतो, सगळे निवांत बसू."

दोनचार आवाज आले, "आमेन." पाळकांचा जीव भांड्यात पडला. "बुधवार, मिस ओलीटा. चालेल ना?"

"डॉइल," आंटी म्हणाली, "हरकतीची मुदत कधी संपते?"

"तारखाबिरखा वकील बघतो, आंटी."

"मंगळवारी संपते."



"मला हे माहीत नव्हतं, मिस ओलीटा," पाळक म्हणाले. आणि खरोखर नव्हतं. "पण बंधू डॉइल सर्वांसमोर बोलायला तयार आहेत, तर एका दिवसाने असं काय..."

"मंगळवार गेल्यावर बुधवारी बोलायचं काय? लग्न झाल्यावर मुलगी बघायला जायचं का?"

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

आंटीने मागे वळून बाकांवरून नजर फिरवली. "आणखी कोणाला बोलायचंय?"

 अर्ध्या घरांतले पुरुष डॉइलचे टँकर चालवतात, उरलेल्यांचे त्याच्या बोअरवर कामाला आहेत. त्यांच्या बायका, माझ्या मैत्रिणी, ज्यांच्या पोरांना मी हौदातून वर आल्या आल्या टॉवेलात गुंडाळलंय, त्या पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या शोधायला लागल्या. इतक्या गोळ्या आमच्या चर्चमध्ये एका वेळी कधी कोणी खाल्ल्या नसतील. रॉयस उठून उभा राहिला. बोलता त्याला येत नाही, म्हणून नुसता उभा राहिला. मीही राहिले.

"मग झालं," आंटी म्हणाली. "पण रीत इथे संपत नाही, डॉइल. पुढचं तू विसरलास. मंडळीने सांगूनही ऐकत नसेल तर तो माणूस परका समजायचा. आजपासून तू मला परका. मी तुझा द्वेष करणार नाही. रस्त्यात गाडी समोर आली तर नमस्काराला स्टिअरिंगवरून बोटं उचलीन. पण तू आता माझा भाऊ नाहीस, नुसता शेजारी आहेस. भावावर कचेरीत जायची मला मनाई होती. शेजाऱ्यावर जायला कोणाची मनाई नाही."

ती खाली बसली. पियानोवरची बाई गोंधळून पाळकांकडे बघत राहिली, तर आंटीच म्हणाली, "चला, गीत घ्या आता."

डॉइलचा चेहरा मी पाहिला. त्या माणसाने रीतीचे तीनच टप्पे मोजले होते, चौथा मोजला नव्हता.

टपालाने पोचायला वेळ नव्हता. सोमवारी पहाटे आंटी माझ्या दाराशी उभी, रविवारची टोपी घालून. आम्ही ऑस्टिनला गेलो, राज्याच्या कचेरीत. अख्खा दिवस रस्त्यात. खिडकीतल्या मुलीने हरकत वाचली आणि फार नम्रपणे म्हणाली, "मॅडम, एवढ्या लांब कशाला आलात? ईमेलनेसुद्धा चाललं असतं."

आंटीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"शिक्का मार, बाळा," आंटी म्हणाली. "ह्या खेपेला शिक्का बघितल्याशिवाय मी हलणार नाही."

हरकत लागली म्हणजे सुनावणी आली. सुनावणी म्हणजे महिनोन्‌महिने, आणि डॉइलने खारं पाणी घ्यायचे करार आधीच करून ठेवले होते. इंजिनियर, ज्याला विचारायला एवढे दिवस लागले होते, आता आठवड्याच्या आत सापडला. नवा नकाशा निघाला. टाक्या टेकाडापलीकडे, ओटा टेकाडापलीकडे, नव्या रस्त्यासकट. तो घेऊन डॉइल आंटीच्या फाटकाशी आला. मी तिथे होते.

"घ्या, आंटी. म्हणालो होतो तसंच केलंय. आता हरकत मागे घ्या आणि विसरून जाऊ."

"हाच नकाशा परवान्यात जाणार?"

"मी सांगतोय ना."

"तू सांगतोयस म्हणूनच विचारतेय. परवाना त्याच नकाशाचा निघाला की मागे घेईन. त्याआधी नाही."

"चर्चमध्ये माझी एवढी शोभा केलीत, त्याचं काय?"

"मी तुला एकट्याला सांगायला आले होते, डॉइल. तेव्हा ऐकलं असतंस तर शोभा झाली नसती."

डॉइलने नव्या नकाशाचा वेगळा अर्ज केला, त्यावर आंटीने हरकत घेतली नाही, आणि परवाना त्याच नकाशाचा निघाला. मग तिने जुनी हरकत मागे घेतली, आणि तेही पुन्हा शिक्का घेऊन.

आता गावात डॉइल सांगतो की ओटा त्याने आपणहून हलवला, म्हातारीच्या मनाला बरं वाटावं म्हणून. आणि लोक मान डोलावतात. पाळकांनी चर्चच्या आत वापरायला एक प्लॅस्टिकचा हौद मागवलाय, नळाच्या पाण्याचा, निळ्या रंगाचा. "वादाची जागा टाळलेली बरी," म्हणाले. वाद जागेने केला होता जणू. प्रभू मला क्षमा करो, पण त्या निळ्या हौदाकडे बघून मला प्रार्थना सुचत नाही.

हरकत मागे गेली त्याच आठवड्यात रॉयसच्या टँकरची किल्ली काढून घेतली. कारण दिलं नाही, विचारायचीही गरज नव्हती. आमच्याकडे कोणाचं काम सुटलं, कोण आजारी पडलं, की संध्याकाळपर्यंत दारात झाकलेली भांडी येतात, कोंबडी-नूडल्स, बीन्स, पीच भरलेली गोड पेस्ट्री. आमच्या दारात एकही भांडं आलं नाही. मी ह्या हातांनी त्या गावात किती भांडी पोचवलीत ते मी मोजणार नाही, मोजलं तर राग आणखी वाढेल. फक्त आंटी आली, आणि त्या सकाळी भरलेल्या भेंडीच्या बरण्यांतली एक घेऊन आली.

"मुरलीय आता," म्हणाली.

आम्ही तिघं रॉयसच्या गाडीच्या मागच्या फळीवर बसून बरणीतूनच खाल्ली. टेकाडाच्या पलीकडे टाक्यांच्या कामावरचे दिवे लागले होते. इकडून टाक्या दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतो. आंटीने त्या बाजूला एकदा पाहिलं.

"बांध फुटला तर?" मी विचारलं.

"फुटला तर त्याच्या रानात फुटेल. मग त्याची गुरं आणि तो."

गेल्या रविवारी चर्चनंतर एक मुलगी आंटीच्या मागे मागे गाडीपर्यंत आली. डॉइलच्या ऑफिसात फोन घेते, मार्लिस नाव. म्हणाली, "मिस ओलीटा, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. आई म्हणते नवा हौद आहे ना. पण मला तुमच्याकडे घ्यायचाय." आंटीने डॉइलचं नाव घेतलं नाही. तिने विचारलं, "पोहता येतं का?" मुलगी म्हणाली, "नाही." आंटी म्हणाली, "मग नाक धर. लोक विसरतात." आणि पाळकांना सांगायला त्या मुलीला स्वतः परत आत घेऊन गेली. पाळक लाल झाले, पण नाही म्हणाले नाहीत.

येत्या रविवारी मार्लिसचा बाप्तिस्मा, म्हणून आज आम्ही हौद खरवडत होतो. वारा चांगला होता, पवनचक्की गरगर फिरत होती, तरी नळातून पाणी बोटभरच येत होतं. आंटीने खांबाला कान लावला. "वायसर गेलेत," म्हणाली. चामड्याचे वायसर आहेत त्या पंपाला, झिजले की चक्की फिरते आणि पाणी वर येत नाही. रॉयस आणि तिने मिळून पंपाची कांडी वर काढून ठेवलीय. हौद अर्धा रिकामा आहे.

उद्या सकाळी आंटीला फोर्ट स्टॉकटन शहरात वायसर आणायला जायचंय.